गाडीमागचे दगड

१

गाडी भर रस्त्यात बंद पडली की मागे दगड लावायचे, हे आम्हा ड्रायव्हर लोकांना कुणी शिकवत नाही. सरकारी नियमानं गाडीत लाल त्रिकोण ठेवावा लागतो. तो आमच्याही गाडीत होता. बर्थखालच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत, नवाकोरा. आरटीओवाल्यानं विचारलं की दाखवायचा आणि परत पिशवीत घालायचा. रस्त्यावर चालतात ते दगडच. गाडीच्या मागे एक, त्याच्या मागे अजून एक-दोन आणि सगळ्यात मागच्या दगडापाशी झाडाची फांदी. मागून येणाऱ्याला लांबूनच कळतं की पुढं मेलेली गाडी उभी आहे, बाजूनं जा.

कोंडाजी नानांचे याबाबत दोन कायदे होते. पहिला, दगड दुसऱ्यानं लावायचे. लांबच्या फेरीला आम्ही दोघं असतो. एक चालवतो, दुसरा मागच्या बर्थवर झोपतो. गाडी बंद पडली की झोपलेल्यानं उठून खाली उतरायचं. "स्टेअरिंगवरचा माणूस गाडी सोडीत नसतो," नाना म्हणायचे. "गाडी मागं सरकली तर धरणार कोण, तुझा सासरा?"

दुसरा कायदा, निघताना दगड उचलून बाजूला टाकायचे. निम्मे ड्रायव्हर तसेच सोडून जातात. नाना अशांना आईबहिणीवरून शिव्या द्यायचे. "आपली गाडी जाती, दगड तिथंच ऱ्हातो. मागून कुणाचं तरी पोरगं मोटारसायकलवर येतं."

आणि एक गोष्ट कायद्यात नव्हती, पण आम्हा सगळ्यांच्या मनात पक्की होती. चालत्या गाडीमागं कुणी दगड लावत नाही, गमतीतसुद्धा नाही. जित्या माणसासाठी तिरडी बांधण्यासारखं आहे ते.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. नानांची ती शेवटची फेरी होती. गुडघे धरत होते, क्लच दाबताना कळ मस्तकात जायची. "ही कांद्याची फेरी टाकतो आन् बास," असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. आम्ही निफाडहून कांदा भरून रायपूरला निघालो, तेव्हा साळूमावशी, म्हणजे नानांची बायको, गाडीपाशी आली होती. माझ्या हातात डबा देत म्हणाली, "वाल्मीक, एवढी फेरी नीट आण त्यान्ला. मंग मी दाराभाईर सोडायची नाय."

"मावशी, दारात आणून उभं करतो," मी म्हणालो. हसत हसत म्हणालो. बोलायला काय जातं.

२

येताना रायपूरहून सळई भरली. परतीच्या शेवटच्या दिवशी पहाटेचं नानांनी चालवलं आणि पारोळा मागे टाकल्यावर एका ढाब्यावर गाडी घेतली. दोघं उतरलो. तोंडं धुतली, चहा घेतला. नानांनी पोह्यातल्या मिरच्या निवडून माझ्या बशीत टाकल्या, कारण त्यांचं पोट आता मिरची सोसत नव्हतं आणि माझं सगळं सोसतं असा त्यांचा समज होता.

परत आलो तर गाडीच्या मागे दगड.

तीन होते. ओळीत, नीट अंतर राखून. शेवटच्या दगडाखाली लिंबाची ओली फांदी दाबलेली. ढाब्याच्या आवारात आजूबाजूला दहा गाड्या उभ्या होत्या, कुणाच्याच मागे काही नव्हतं.

"कशापाई लावले रे?" नानांनी मला विचारलं.

"मी? मी तर तुमच्यासंगं चहा पीत होतो."

"मी बी तुझ्यासंगंच व्हतो."

ढाब्याच्या पोऱ्याला विचारलं. त्यानं खांदे उडवले. कुणी टवाळकी केली असेल, असं मी म्हणालो. नानांनी एक दगड उचलला, उलटा केला आणि त्याच्या खालच्या अंगावरून बोट फिरवलं. बोटाला काळी ओली माती लागली. मग आम्ही दोघांनीही खाली पाहिलं. ढाब्याचं आवार मुरुमाचं, पांढरंफटक, महिनाभर पाण्याचा थेंब न पाहिलेलं.

नानांनी दगड कडेला टाकले, टॉमीनं, म्हणजे चाक खोलायच्या लोखंडी दांड्यानं, एकेक टायर ठोकून पाहिला, चाकांपाशी कान लावून कुठे हवा फुसफुसते का ते ऐकलं. हे ते प्रत्येक थांब्याला करायचे. मग केबिनमध्ये चढून बर्थवर आडवे झाले आणि पडदा ओढून घेतला. त्यांचे पाय नेहमीसारखे पडद्याबाहेर, माझ्या कानापाशी. डोक्याला तांबडा पंचा बांधलेला, तो ते झोपतानाही सोडत नसत.

"वाल्मीक," पडद्याआडून म्हणाले, "कुणी का लावंना, आपन उचलून टाकले. झालं."

त्यांचं 'झालं' जरा जास्तच जोरात आलं असं मला वाटलं.

३

आमच्या मालकानं गाड्यांमध्ये कॅमेरे बसवले आहेत. काचेवर, ड्रायव्हरच्या तोंडासमोर. डोळा मिटला, जांभई आली, मोबाइल हातात घेतला की तो कोकलतो. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त सलग चालवलं तरी कोकलतो. आम्ही त्याला सासूबाई म्हणतो. तिचं ऐकलं नाही तर नाशिकच्या ऑफिसातून तेजस्विनीचा फोन येतो. पोरगी गोड बोलते, पण सोडत नाही.

मालेगावच्या बाहेर सासूबाई कोकलल्या. नियम म्हणजे नियम. मी एका पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी घेतली, मागच्या भिंतीकडे पाठ करून उभी केली. भिंत आणि गाडी यांच्यात पाचसहा पावलांची जागा. मुद्दामच. मागे पुरेशी जागाच ठेवली नाही तर दगड लावणार कुठे, असा मी विचार केला होता. म्हणजे सकाळचं डोक्यातून गेलेलं नव्हतं.

ऊन मी म्हणत होतं. पंपावर शुकशुकाट. इंजिन बंद केलं, काच खाली केली आणि खाली उतरायचं टाळून तिथंच डोकं टेकलं. मागे नाना घोरत होते. त्यांच्या घोरण्याला शेवटी बारीक शीळ असायची. घर्र, घर्र आणि मग शीळ. ती ऐकत ऐकत मला बरं वाटत होतं.

मग मागून आवाज आला. दगड डांबरावर ओढल्याचा.

थोडं ओढणं, थांबणं. परत ओढणं. वजनदार वस्तू माणूस दमादमानं सरकवतो तसा. घोरणं चालूच होतं. मी आधी पायांकडे पाहिलं. नानांचे पाय जागेवर होते, टाचेला भेगा पडलेले, अंगठ्याला जुना काळा डाग असलेले. मग उजव्या बाजूच्या आरशात पाहिलं.

आरशात एक माणूस वाकला होता. पाठमोरा. दोन्ही हातांत दगड धरून तो हळूच खाली टेकवत होता. गुडघे दुखणारा माणूस वाकतो तसा, कंबरेतून, पाय ताठ ठेवून. काखेत लिंबाची फांदी धरली होती. डोक्याला तांबडा पंचा होता.

मी परत पायांकडे पाहिलं. घर्र, घर्र, शीळ.

पण खरं सांगू का, मला सर्वात जास्त घाबरवलं ते त्या माणसानं नाही. मागे भिंत होती. मी स्वतः मोजूनमापून गाडी भिंतीला लावली होती. आरशात मात्र भिंत नव्हती. माणसाच्या पलीकडे द्राक्षाची बाग दिसत होती. खरड छाटणी झालेली, उघडी, नुसती खोडं आणि तारा. बांधावर एक निळं पिंप उलटं ठेवलेलं. मालेगावला पंपाच्या मागे द्राक्षाची बाग कुठून येणार?

मी डोळे घट्ट मिटले. सासूबाई लगेच कोकलल्या. उघडले तर आरशात भिंत होती आणि भिंतीवर विडीच्या जाहिरातीचा उडालेला रंग होता.

माझी पाचावर धारण बसली होती, तरी उतरलो. पाहिल्याशिवाय राहवेना. गाडीमागच्या त्या पाचसहा पावलांत तीन दगड होते. फांदीची पानं ताजी होती. दगडांच्या खाली काळी माती, आत्ताच ठिबकचं पाणी प्यालेली.

४

उन्हानं डोकं फिरलं असेल. रात्रीची झोप नीट झाली नव्हती. सकाळी दगड पाहिलेच होते, तेच डोक्यात बसले. अशी मी स्वतःची समजूत घालत होतो आणि दगड भिंतीकडे ढकलत होतो. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसलं काहीतरी. पण चिंतणाऱ्या मनानं हाताला चिखल लागत नाही. माझ्या हाताला लागला होता.

तेजस्विनीचा फोन आला. "वाल्मीकदादा, डोळे मिटल्याचा अलर्ट आलाय. बरं वाटतंय ना?"

"ताई, एक विचारू? आत्ता थांबलो तेव्हा नाना खाली उतरले होते का, बघा ना जरा कॅमेऱ्यात."

तिनं व्हिडिओ मागे नेऊन पाहिला. "नाही हो. नानांचे पाय दिसताहेत की. अख्खा वेळ तिथंच आहेत. का, काय झालं?"

"काही नाही."

"दादा, अजून थोडा वेळ आराम करा. घाई नाही. पिंपळगावच्या आधी परत एक थांबा घ्या, नियमात आहे."

मी हो म्हणालो आणि तेव्हाच ठरवलं की आता थांबायचं नाही. थांबलं की तो येतो. गाडी चालती असली तर मागे दगड कोण लावणार? हिशोब सोपा होता. आडगावला ट्रक टर्मिनलमध्ये शिरायचं, गाडी लावायची आणि नानांना रिक्षात घालून निफाडच्या एसटीत बसवून द्यायचं. दारात उभं करीन म्हणून शब्द दिला होता. त्या पंच्याचा अर्थ मला कळत नव्हता, पण तो नानांचा होता एवढं कळत होतं.

राहूड घाट चढताना नाना जागे झाले. पडद्यातून डोकं बाहेर काढलं. मला त्या तांबड्या पंच्याकडे पाहवेना.

"थांबला व्हतास का मालेगावला?"

"थांबलो होतो."

"मंग?"

"मग काय?"

"परत लावले व्हते," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

आरशात काय पाहिलं ते सांगायला जीभच उचलली नाही. त्यांना काय सांगू, की तुम्ही इथं झोपला होता आणि तुम्हीच तिथं वाकला होता?

"नाना, पंचा काढा ना डोक्याचा," मी म्हणालो. "गरम होत असेल."

"पंच्यानं गरम व्हतंय का? येडा का काय तू." ते हसले. "चांदवड आलं की थांब. लघवीला उतरू, चाकं बघू. ब्रेक दाबल्यावर कायतरी फुस्स वाजतंय मला."

"आता डायरेक्ट नाशिक."

"अरं, सासू कोकलंल तुझी."

मी खांद्यावरचा रुमाल काढला आणि कॅमेऱ्यावर टाकला. तेवढ्यात नानांचा फोन वाजला. साळूमावशी होती. काय करता, कधी येता, भरीत करू का भाकरीबरोबर ठेचा पुरे. नाना म्हणाले, "भरीतच कर. मिरची बेतानं टाक." फोन ठेवून ते परत आडवे झाले आणि थोड्या वेळानं शीळ सुरू झाली.

५

चांदवड मागे पडलं. वडाळीभोई मागे पडली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षाच्या बागा लागल्या. आपला मुलूख आला म्हणून एरवी याच ठिकाणी जिवात जीव येतो. छाटलेल्या, उघड्या बागा. मी त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवून समोर बघत राहिलो.

डॅशबोर्डवर हवेचा काटा खाली येत होता. मला दिसला तेव्हा उशीर झाला होता. या गाड्यांमध्ये ब्रेकची हवा उतरली की चाकं आपोआप जाम होतात. कडेला घ्यायलाही सवड मिळत नाही. गाडी दोन झटके देऊन उभी राहिली, मधल्या लेनमध्ये, सरळसोट रस्त्यावर, भर दुपारी.

मी पहिल्यांदा आरशात पाहिलं. मागे रस्ता स्वच्छ होता. दगड नव्हते, माणूस नव्हता, फांदी नव्हती. आणि मला हायसं वाटलं. याची मला आजही लाज वाटते, पण तेव्हा वाटलं खरं. सुटलो, असं वाटलं.

"काय झालं?" नाना उठून बसले होते.

"हवा गेली. पाइप फुटला असणार."

"मी म्हनलो व्हतो, फुस्स वाजतंय." ते चपला शोधायला लागले. "बस तू. मी दगड लावतो."

"नाना, तुम्ही उतरू नका."

"का?"

"मी उतरतो. तुमचे गुडघे..."

"स्टेअरिंगवरचा मानूस उतरत नसतो. किती येळा सांगायचं तुला?" त्यांनी डाव्या बाजूचा दरवाजा उघडला. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "घाबरलास व्हय रं?" इतकं मायेनं बोलले की मला रडू आलं. "आसं किती येळा झालं आयुष्यात. मागून येनाऱ्याला दिसाया नको का? सोड."

ते उतरले. मी बर्थखालची पेटी ओढली. लाल त्रिकोण बाहेर काढला आणि त्याची प्लास्टिकची पिशवी दातांनी फाडायला लागलो. ती फाटेना. नव्याकोऱ्या वस्तूची पिशवी कधीच फाटत नाही. आणि मागून आवाज आला, दगड डांबरावर ओढल्याचा. थोडं ओढणं, थांबणं.

आरशात पाहायचं नाही, असं मी तोंडानं म्हणत होतो. पाहिलं.

नाना वाकले होते. पाठमोरे, कंबरेतून, पाय ताठ ठेवून. दोन्ही हातांत बांधावरून उचललेला दगड, त्याला काळी ओली माती. काखेत लिंबाची फांदी. डोक्याला तांबडा पंचा. पलीकडे उघडी बाग, आणि बांधावर उलटं ठेवलेलं निळं पिंप.

चित्रात एकच गोष्ट जास्त होती. लांबून दुधाचा एक टँकर येत होता. लेन बदलत नव्हता, वेग कमी करत नव्हता. मी हॉर्नवर दोन्ही हातांनी पडलो. नानांना वाटलं मी त्यांना काही विचारतोय. त्यांनी न वळताच एक हात वर केला आणि लावतोय, लावतोय, असा हलवला.

मी दरवाजा उघडून उडी मारली. पायरीत पाय अडकला आणि डावा पाय माझ्यासमोर उलटा वळलेला दिसला. नंतरचं मी पाहिलं नाही. पडलो होतो तिथून मला फक्त गाडीच्या खालून पलीकडचा रस्ता दिसत होता, आणि त्यावर एक दगड घरंगळत बराच वेळ येत राहिला.

टँकरचा ड्रायव्हर झोपेत होता असं पुढे कळलं. आदल्या दिवसापासून तो एकटाच चालवत होता. त्याच्या गाडीत दुसरा नव्हता.

निफाडला मी कुबड्यांवर गेलो. साळूमावशीनं मला काहीच बोल लावला नाही. एवढंच विचारलं, "उन्हात पडले व्हते का रं फार येळ?" मी नाही म्हणालो. खोटं बोललो.

६

पाय जुळला, पण ओढत चालावं लागतं. तरी गाडीवर परत आलो. आता माझ्याबरोबर शेखर असतो. येवल्याचा, उंच, धडधाकट, बोलघेवडा. त्याला वेदिका नावाची मुलगी आहे, नुकती चालायला लागलीय. तिचे व्हिडिओ तो मला प्रत्येक चहाला दाखवतो आणि मी प्रत्येक वेळी पहिल्यांदा पाहिल्यासारखा पाहतो.

नानांच्या नंतर मालकानं एक नियम वाढवला. रस्त्यावर उतरणाऱ्यानं नारिंगी जाकीट घालायचं, चमकणाऱ्या पट्ट्यांचं. मध्यंतरी तेजस्विनीनं आम्हा दोघांना सीलबंद पाकिटात एकेक दिलं. "दादा, जाकिटाशिवाय गाडी गेटबाहेर सोडणार नाही हं," म्हणाली. चांगला नियम आहे. नानांच्या अंगावर ते असतं तर, असं मी दिवसातून चारदा मनात म्हणतो.

जाकिटं मिळाली त्याच फेरीला धुळ्याच्या बाहेर थांबलो होतो. शेखर बर्थवर झोपला होता. मागून दगड ओढल्याचा आवाज आला.

इतके महिने आला नव्हता. मी वाट पाहत नव्हतो असं नाही. पायांकडे पाहिलं. शेखरचे पाय जागेवर होते, पायमोज्यांसकट. मग आरशात पाहिलं. वाकलेला माणूस उंच होता. सहज वाकला, सहज उठला, दुसरा दगड आणायला चटचट गेला. अंगात नारिंगी जाकीट होतं. पट्ट्या उन्हात चमकत होत्या. पलीकडे एक पूल होता, पुलाचा पांढरा कठडा, आणि कठड्यावर कुणीतरी वाळत घातलेली हिरवी साडी.

डॅशबोर्डवर दोन्ही जाकिटांची पाकिटं होती तशीच होती, सीलबंद.

शेखर उठल्यावर मी त्याला सांगितलं, "आजपासून आपल्या गाडीत नवा कायदा. गाडी बंद पडली तर दगड लावायला मी उतरणार. तू झोपेत असलास तरी उठून स्टेअरिंगवर बसायचं."

"दादा, तुमचा पाय असा, आन् तुम्ही उतरनार? लोक मला काय म्हनतील?"

"लोकांना मी सांगतो. पोरीची शपथ घे."

शपथेचं नाव काढल्यावर तो घाबरला, पण घेतली.

पुढच्या थांब्याला मी मुद्दाम गाडीत बसून राहिलो. दगड ओढल्याचा आवाज आला, या वेळी जास्त सावकाश. ओढणं, थांबणं, दम घेणं. आरशात तोच पूल, तीच साडी, तेच नारिंगी जाकीट. पण माणूस आता बुटका होता. दगड ठेवून वळला आणि दुसरा आणायला निघाला, तेव्हा डावा पाय ओढत गेला.

बायकोला, आशाला, एवढंच सांगितलं की गाडीवर मन लागत नाही. ती म्हणाली, "मग सोडा ना हो. निफाडात काहीतरी बघू. पिंकीची शाळा काय, होईल कशीतरी." पिंकी आमची मुलगी. मी दोन रात्री विचार केला. सोडता येईल. मग माझ्या जागी दुसरा कुणीतरी बसेल, कायद्याप्रमाणे शेखर उतरेल आणि आरशातला माणूस परत उंच होईल. आशाला हे कसं सांगणार?

भीती वाटते. फार वाटते. हिरवं काही वाळत घातलेलं दिसलं की नजर आधी कठडा शोधते. वाटेवरचे सगळे पूल मी आता ओळखतो, कुठल्याचा कठडा लोखंडी आहे, कुठल्याचा पिवळा आहे. तसा पांढरा कठडा कुठेच नव्हता, आणि तेवढ्यावर मी झोपत होतो.

चांदवडच्या पुढे नवा पूल बांधताहेत. खाली मजुरांची पालं आहेत, बायका सळयांवर धुणं वाळत घालतात. गेल्या आठवड्यात तिथून गेलो तेव्हा कठडा पुरा झाला होता. नुसतं सिमेंट होतं, रंग नव्हता.

काल परत गेलो. दोन माणसं चुन्याची बादली घेऊन एका टोकानं सुरुवात करत होती. शेखर मागे झोपला होता. मी पाकीट फोडून जाकीट काढलं आणि मांडीवर घेऊन चालवत राहिलो.